केसगळती : तेलाच्या बाटलीआधी रक्ताची तपासणी

केस गळणे हा बहुतेक वेळा स्वतंत्र रोग नसतो. शरीरात काही महिन्यांपूर्वी घडून गेलेल्या किंवा अजून चालू असलेल्या बिघाडाची ती उशिरा उमटलेली खूण असते, आणि म्हणून तिचे कारण शोधताना नुसते डोके तपासून भागत नाही; त्या व्यक्तीचा आहार, मागच्या हंगामात आलेला ताप, बाळंतपण, घराण्यातील आनुवंशिकता आणि रक्ताची स्थिती या सगळ्यांचा एकत्रित विचार करावा लागतो. हे सर्वत्रच खरे असले, तरी नंदुरबार जिल्ह्यात त्याला विशेष महत्त्व आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्याच्या डोंगरपट्ट्यात राहणाऱ्या भिल्ल, पावरा आणि इतर समाजांत रक्तक्षय, सिकलसेल, बालकांचे कुपोषण आणि पावसाळी ताप हे आरोग्याचे जुने प्रश्न आहेत, आणि यांतील बहुतेकांचा परिणाम केसांवर दिसू शकतो. अशा ठिकाणी केसगळतीवर आठवडे बाजारातील तेलाची बाटली हाच पहिला उपाय ठरतो, तेव्हा पैसा तर जातोच, शिवाय मूळ आजार ओळखण्याची संधीही हुकते.

केसाचे आयुष्य

माणसाच्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येक केस आपापल्या स्वतंत्र चक्रातून जात असतो. पहिला काळ वाढीचा. तो दोन ते सहा वर्षे चालतो आणि या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणकाळ येतो, ज्यात मूळ आक्रसते, आणि शेवटी सुमारे तीन महिन्यांचा विश्रांतीचा काळ येतो, ज्याला वैद्यकात टेलोजेन म्हणतात. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस उगवू लागतो. निरोगी डोक्यावरील ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या काळात आणि बाकीचे बहुतेक विश्रांतीत असतात, त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणे ही स्वाभाविक बाब आहे. अशा गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरट, बारीक गाठ दिसते आणि ती पाहून मूळच उपटून आले अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती गाठ केस आपला काळ पुरा करून गळल्याची खूण असते आणि केस निर्माण करणारे मूळ त्वचेत सुरक्षित राहिलेले असते.

गळती नेहमीपेक्षा जास्त आहे की नाही हे पाहण्याची डॉक्टरांची रीत साधी आहे. सुमारे पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत मुळाजवळ धरून ती टोकापर्यंत हलकेच ओढत नेली जाते; दहा टक्क्यांहून अधिक केस हातात आले, तर गळती चालू आहे असे समजतात. ही चाचणी डोक्याच्या वेगवेगळ्या भागांवर केल्यावर गळती सर्वत्र आहे की ठरावीक जागी, हे कळते, आणि कारणाच्या शोधातील निम्मे काम तिथेच होते.

तापानंतरची आणि बाळंतपणानंतरची गळती

डोकेभर एकसारखी आणि अचानक सुरू होणारी गळती बहुधा टेलोजेन एफ्लुव्हियम या प्रकारची असते. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीच्या काळातील अनेक केस मुदतीआधीच एकदम विश्रांतीत जातात आणि तो काळ संपल्यावर, म्हणजे दोन ते तीन महिन्यांनी, एकदम गळू लागतात. हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया, अपघात, उपासमार किंवा झटपट वजन घटवण्यासाठी केलेला अतिरेकी उपास, ही या धक्क्याची नेहमीची कारणे आहेत. कोविडच्या साथीनंतर जगभर दिसलेली केसगळती याच प्रकारात मोडते. श्रावण-भाद्रपदात तापाने आजारी पडलेल्या व्यक्तीचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागतात, तेव्हा तिला तो ताप आठवतही नाही आणि दोष पाण्याला, साबणाला किंवा नव्या तेलाला दिला जातो.

बाळंतपणानंतरची गळतीही याच नियमाने होते. गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे, म्हणजे शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेल्या नियामक द्रव्याचे प्रमाण वाढलेले असल्याने केस नेहमीपेक्षा जास्त काळ वाढीच्या अवस्थेत टिकतात आणि प्रसूतीनंतर ते प्रमाण घटले की साठलेली गळती दोन ते चार महिन्यांनी एकदम होते. धक्क्याचे कारण दूर झाले असेल, तर या दोन्ही प्रकारांत साधारण सहा महिन्यांत गळती थांबते आणि केस पुन्हा भरू लागतात. याच टप्प्यावर एखादे तेल लावले गेले, तर आपोआप होणाऱ्या सुधारणेचे श्रेय त्या तेलाला मिळते आणि त्याची कीर्ती गावोगाव पसरते. गळती सहा महिन्यांनंतरही चालूच राहिली, तर मात्र शरीरात एखादी उणीव किंवा आजार कायम आहे असे समजून पुढील तपासणी करावी लागते.

रक्तक्षय आणि सिकलसेल

चिवट केसगळतीमागे, विशेषतः स्त्रियांमध्ये, लोहाची कमतरता हे वारंवार आढळणारे कारण आहे. केसाच्या मुळातील पेशी शरीरातील अतिशय वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असल्याने लोह कमी पडू लागले की शरीर ते महत्त्वाच्या अवयवांसाठी राखते आणि केसांची वाढ मागे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमपेक्षा आणि गरोदर स्त्रीत ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो आणि तो फेरिटिन या तपासणीने कळतो. मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणे आणि अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरून आतड्यात रक्त शोषणारे अंकुशकृमी ही लोह घटण्याची ग्रामीण भागातील ठळक कारणे आहेत, म्हणून लोहाच्या गोळीबरोबर जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळीही महत्त्वाची ठरते.

नंदुरबारमध्ये मात्र कमी हिमोग्लोबिनचा अर्थ केवळ लोहाची कमतरता असा लावून चालत नाही. सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार येथील आदिवासी समाजांत आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात. ज्या व्यक्तीला एका पालकाकडून दोषयुक्त जनुक मिळते ती वाहक असते आणि तिला सहसा त्रास होत नाही. दोन्ही पालकांकडून मिळाले, तर ती व्यक्ती आजाराने ग्रस्त होते. अशा रुग्णाच्या रक्तक्षयाचे मूळ लोहात नसते, आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात तर उलट लोह साठलेले असू शकते, त्यामुळे केसांसाठी म्हणून त्याने स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी केली जाते. पहिल्या टप्प्यात विद्राव्यता चाचणी आणि तिचा निष्कर्ष होकारार्थी आल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी, असा तिचा क्रम आहे.

लोहाची कमतरता निश्चित झाल्यावर गोळीला आहाराची जोड द्यावी लागते. ज्वारी-मक्याची भाकरी, उडीद-तुरीची डाळ आणि पावसाळी रानभाज्या अशा या जिल्ह्याच्या जेवणात लोह असते, पण वनस्पतीजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व मिळाले तर हे शोषण वाढते आणि जेवणाला लागून चहा घेतला तर घटते. शहादा तालुक्यात मोठ्या प्रमाणावर पिकणारी पपई, लिंबू, आवळा आणि कैरी ही क जीवनसत्त्वाची हाताशी असलेली साधने आहेत. मासळी, मटण आणि कलेजी यांतील लोह तर अधिक सहज शोषले जाते. रक्तात लोह भरून निघण्यास तीन ते सहा महिने लागतात आणि केसांवर परिणाम दिसण्यास त्याहूनही अधिक, म्हणून पंधरा दिवसांत गोळी सोडून देणे हे उपचार फसण्याचे नेहमीचे कारण ठरते.

मुलांचे केस आणि कुपोषण

केस हे केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, त्यामुळे आहारातील प्रथिनांची तीव्र कमतरता मुलांच्या केसांवर उघड दिसते. क्वाशिओर्कर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुपोषणाच्या प्रकारात मुलाच्या पायांवर सूज येते, त्वचा सोलते आणि केस पातळ, कोरडे, तांबूस होऊन सहज उपटून येतात. एखाद्या मुलाला काही महिने पुरेसा आहार मिळाला, मग मिळाला नाही आणि पुन्हा मिळाला, तर त्याच्या लांब केसात गडद आणि फिकट पट्टे एकाआड एक उमटतात. त्याला ध्वजचिन्ह म्हणतात आणि त्या केसावर त्या मुलाच्या भुकेचा हंगामवार हिशेबच लिहिलेला असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा अंगणवाडीशी संबंध तुटतो, हे लक्षात घेता स्थलांतरातून परतलेल्या मुलांचे वजन, दंडाचा घेर आणि पायांची सूज यांबरोबर केसांचा रंगही आशाताईंनी आणि अंगणवाडी सेविकांनी पाहण्याजोगा आहे. अशा मुलाला तेल नव्हे, तर पोषण पुनर्वसन केंद्राची गरज असते.

मुलांमध्ये केस जाण्याचे दुसरे मोठे कारण टाळूवरील बुरशीचा संसर्ग, म्हणजे डोक्यातील नायटा, हे आहे. यात गोल चट्टा पडतो, खवले निघतात, खाज सुटते आणि केस मुळाजवळ तुटून काळे ठिपके दिसतात. कंगवा, टोपी, उशी यांतून तो पसरत असल्याने आश्रमशाळांच्या वसतिगृहांत त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असल्यामुळे वरून लावलेले मलम पुरत नाही. ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन यांसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे पोटात घ्यावे लागते. उपचार लांबला आणि पू भरलेली सूज आली, तर तेथील मुळे कायमची नष्ट होऊ शकतात.

चाई, टक्कल आणि इतर प्रकार

गुळगुळीत, खवले नसलेला, नाण्याएवढा चट्टा अचानक पडला तर त्याला चाई म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून गेल्याने हा विकार होतो. तो संसर्गजन्य नाही आणि किड्याने केस खाल्ल्याने तो होतो ही समजूत निराधार आहे. चट्ट्याच्या कडेला तळाशी निमुळते आणि वर जाड असे, उद्गारचिन्हाच्या आकाराचे आखूड केस दिसणे ही त्याची ओळख होय. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरून येतात, वाढत असलेल्यांवर स्टेरॉइडची इंजेक्शने त्याच जागी देतात. चट्ट्यावर बिब्बा किंवा तिखट, दाहक पदार्थ चोळण्याने त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी केस येत नाहीत.

पुरुषांचे कपाळाच्या कडांपासून मागे सरकत जाणारे टक्कल आणि स्त्रियांचा रुंदावत जाणारा भांग यांमागे आनुवंशिकता असते. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला संवेदनशील असलेली मुळे हळूहळू लहान होतात आणि त्यांतून उत्तरोत्तर बारीक केस उगवतात. यावर सिद्ध झालेली औषधे मोजकीच आहेत. मूळचे रक्तदाबाचे औषध असलेले मिनॉक्सिडिल टाळूवर लावण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्य झाले; त्याचा परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीच्या आठवड्यांत गळती थोडी वाढते आणि औषध थांबवले की मिळालेला लाभही जातो. पुरुषांसाठी १९९७ मध्ये मान्य झालेले फिनास्टेराइड डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असून गर्भवतीने ते हाताळूही नये. तरुण स्त्रीत असे केस विरळ होण्याबरोबर पाळीची अनियमितता आणि चेहऱ्यावर लव दिसत असेल, तर बीजकोशांच्या विकाराची, तर थकवा, वजनवाढ आणि थंडी सहन न होणे असेल, तर थायरॉइडची तपासणी आवश्यक ठरते. भुवया विरळ होणे हे थायरॉइडच्या कमतरतेचे, आणि त्याबरोबर त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. कुष्ठरोगावरील औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. टाळूवर जखमेच्या व्रणासारखी चकाकी येऊन केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली, तर मात्र विलंब न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे लागते, कारण त्या प्रकारात गेलेले मूळ परत येत नाही.

याशिवाय काही गळती माणसाने स्वतः ओढवून घेतलेली असते. केस रोज घट्ट ओढून बांधल्याने कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि केस सरळ करण्याच्या रसायनांनी ते मधूनच तुटतात. तेलाने केसाचा कोरडेपणा आणि तुटणे कमी होते, हा त्याचा खरा उपयोग आहे. मुळातून नवा केस उगवण्याशी त्याचा संबंध नाही. वस्तऱ्याने डोके केल्याने केस दाट येतात हेही खरे नाही, कारण वस्तरा त्वचेखालील मुळापर्यंत पोहोचतच नाही.

शेगावचा धडा

केसगळतीचे कारण शरीराबाहेरही, अन्नात वा पाण्यात, असू शकते, हे महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांच्या टाळूला खाज सुटून अवघ्या काही दिवसांत टक्कल पडू लागले. पहिला संशय शाम्पूवर, बुरशीवर आणि क्षारयुक्त पाण्यावर गेला; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे घटलेले आढळल्याचे सांगून त्याचा संबंध शिधावाटपाच्या गव्हाशी जोडला. सेलेनियम शरीराला दिवसाला काही मायक्रोग्रॅमच लागते. ते प्रमाणाबाहेर गेले की केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. अमेरिकेत २००८ मध्ये एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून ठरलेल्या प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले आणि २०१ लोकांना विषबाधा झाली, तेव्हाही केसगळती हे प्रमुख लक्षण होते. एका घरातील किंवा गावातील अनेकांचे केस एकाच वेळी जाऊ लागले, तर प्रत्येकाने वेगळे तेल शोधण्यापेक्षा आरोग्य केंद्राला तत्काळ कळवणे हाच योग्य मार्ग, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जितक्या जास्त तितक्या चांगल्या, हा समजही यातून खोटा ठरतो. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकानेही केस गळतात. केसांसाठी सर्रास विकल्या जाणाऱ्या बायोटिनची कमतरता मुळात दुर्मीळ आहे आणि त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या तपासणीचा निष्कर्ष चुकू शकतो.

उपचाराचा क्रम यावरून सहज ठरतो. गळती डोकेभर असेल, तर मागील तीन-चार महिन्यांतील ताप, बाळंतपण आणि औषधे आठवावीत. चट्टा असेल, तर खवले आणि खाज पाहावी. भांग किंवा कपाळ रुंदावत असेल, तर घराण्याकडे पाहावे. लहान मुलाचे केस तांबूस होऊन गळत असतील, तर त्याचे वजन आधी करावे. बाकी शंका असल्यास नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, तालुक्यांत ग्रामीण रुग्णालये आहेत आणि नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. केसगळतीचा महागडा उपाय सुरू करण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी. ती विनामूल्य होते आणि केसांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे काही वेळेत सांगून जाते.